मुंबई–लंडन : अंतर तेच, घड्याळ निराळे

पृथ्वीगोलावर मुंबईच्या विमानतळापाशी सुतळीचे एक टोक धरले आणि दुसरे लंडनच्या हीथ्रोवर नेऊन ती ताणली, तर सुतळी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ती सौराष्ट्रावरून आणि कच्छच्या पश्चिम कोपऱ्यावरून जाते, कराचीच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा जमिनीवर येते, बलुचिस्तान आणि इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकाला शिवते. पुढे कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाची सरहद्द, जर्मनी, आणि मग इंग्लंड. शाळेच्या भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून लंडन मुंबईच्या वायव्येला इतके कलते असेल असे वाटत नाही, पण गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट हीच.

या वाटेने जसेच्या तसे जाण्याचा योग मात्र वैमानिकांना फारसा आलेला नाही. दोन शहरांमधले अंतर दोनशे वर्षांत तसूभरही हलले नाही. लागणारा वेळ महिन्यांवरून आठवड्यांवर, दिवसांवर आणि शेवटी तासांवर आला. तो कशामुळे उतरला आणि मध्येच कशामुळे चढला, हे पाहू लागले की इंजिनांइतकीच कोळशाच्या वखारींची, उतरण्याच्या परवान्यांची आणि बंद सरहद्दींची नावे पुढे येतात.

शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून विलायतेला जायचे तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. चार-सहा महिने सहज मोडत. पत्राचे उत्तर यायला वर्ष गेले तरी कोणाला नवल वाटत नसे. तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत आगबोटीने आणि तिथून खुष्कीने भूमध्य समुद्र गाठावा, ही कल्पना मुंबईकरांनीच उचलून धरली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्यात कोळशाची जागा इतकी अपुरी होती की मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरावा लागला, आणि तरीही एडनपासून पुढे ठिकठिकाणी थांबून तो पुन्हा घ्यावा लागला. सुएझला पोचायला तिला महिन्याहून थोडे अधिक दिवस लागले. ‘मध्ये कुठे थांबायचे आणि इंधन कुठे घ्यायचे’ हा मुंबई–लंडन प्रवासाचा मूळ प्रश्न तेव्हाच पुढे आला, आणि पुढची दीडशे वर्षे तो सुटला नाही.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे हिंदुस्थानचे खऱ्या अर्थाने पश्चिम दार बनले. पी अँड ओ कंपनीच्या डाकबोटी आठवड्याला येऊ-जाऊ लागल्या. या वाटेचे वेळापत्रक मराठी वाचकाला एका वेगळ्याच प्रकरणातून ठाऊक आहे. सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली. ८ जुलैला मार्सेलिस बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. आणि २२ जुलैला त्यांना मुंबईत उतरवण्यात आले. एकूण तीन आठवडे. ज्यांना घाई असे ते मार्सेलिसला बोट सोडून फ्रान्समधून आगगाडीने लंडन गाठत, आणि आठवडाभर वाचवत. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ‘मुलतान’ बोटीने ऑगस्टच्या मध्याला निघाले. गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने २९ ऑगस्टला निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलिसला आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. चौदा दिवस. दुसऱ्या वर्षी पी अँड ओच्या ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ने थेट समुद्रमार्गाने लंडन–मुंबई अंतर सतरा दिवसांत काटले, तेव्हा त्याचा विक्रम म्हणून गवगवा झाला.

गंमत अशी की गांधीजी बोटीत चढले त्या वेळी हिंदुस्थान–इंग्लंड विमानसेवा सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती.

ही सेवा ‘इम्पीरियल एअरवेज’ या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. पहिला प्रवास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाला आणि सात दिवसांनी कराचीत संपला. भाडे १३० पौंड. त्याला विमानप्रवास म्हणायचे ते सवयीने; प्रत्यक्षात तो वाहने बदलण्याचा कार्यक्रम होता. क्रॉयडनहून तीन इंजिनांच्या ‘आर्गोसी’ विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत जायचे. तिथे विमानातून उतरून रात्रीच्या आगगाडीत बसायचे आणि आल्प्स ओलांडून इटलीतल्या जेनोआला उतरायचे. आल्प्सची उंची हे यामागचे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे फ्रान्सकडून इटलीत हवाईमार्गाने शिरण्याला असलेली राजकीय आडकाठी. जेनोआला पाण्यावर तरंगणारी ‘कलकत्ता’ जातीची उडती नाव तयार असे. ती रोम, नेपल्स, कॉर्फू, अथेन्स, क्रीट, तोब्रुक असे टप्पे घेत अलेक्झांड्रियाला पोचवी. तिथून पुढे ‘हर्क्युलिस’ हे तीन इंजिनांचे विमान. त्यात सात-आठ प्रवासी आणि टपालाच्या थैल्या. वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर करत ते कराचीला उतरे. रात्री उड्डाण नाही. संध्याकाळ झाली की उतरायचे, हॉटेलात किंवा विश्रामगृहात झोपायचे, पहाटे पुन्हा निघायचे.

रुतबा हे ठिकाण म्हणजे इराकच्या वाळवंटातला एक किल्ला. आसपास शेकडो किलोमीटर ओसाड जमीन, ओळखीची खूण नाही. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो–बगदाद टपाल सुरू केले, तेव्हा वैमानिकांना वाट सापडावी म्हणून वाळवंटात मोटारींच्या चाकोऱ्या उमटवल्या आणि काही पट्ट्यांत चक्क नांगराने तास ओढून ठेवला. खाली पाहत त्या रेघेवरून उडायचे. नागरी वैमानिकांनाही सुरुवातीला हीच रेघ कामी आली.

धोके खरे होते. पहिल्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९२९ रोजी, हिंदुस्थानचे टपाल घेऊन जेनोआकडे निघालेली ‘सिटी ऑफ रोम’ ही उडती नाव वादळात इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली आणि बुडाली. तिच्यातले सातही जण गेले. बोटीचे चौदा दिवस, पण बिछाना, जेवणाचा हॉल आणि डेकवरची खुर्ची. विमानाचे सात दिवस, पण पहाटे उठणे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि जिवाला घोर. सात दिवसांच्या बचतीसाठी एवढा सौदा करणारे थोडेच निघत. विमानाचे खरे गिऱ्हाईक टपाल हेच होते.

त्याच काळात ब्रिटिश सरकारने दुसऱ्याच एका यंत्रावर मोठी आशा ठेवली होती. हवेपेक्षा हलक्या वायूने भरलेले अजस्र हवाईजहाज न थांबता इजिप्तपर्यंत आणि तिथून कराचीपर्यंत येईल, असा बेत होता. त्यासाठी कराचीत एक प्रचंड हँगर उभारले, शेजारी जहाज बांधून ठेवण्याचा उंच खांब उभा केला. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ‘आर १०१’ हे हवाईजहाज ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांना घेऊन कराचीसाठी निघाले. त्याच रात्री वादळी पावसात ते फ्रान्समधल्या बोव्हे गावाजवळ जमिनीला टेकले आणि पेटले. ५४ पैकी ४८ जण मेले, त्यांत हवाईमंत्रीही होते. ब्रिटनने हवाईजहाजांचा नाद तिथेच सोडला. ज्या हँगरात एकही हवाईजहाज कधी आले नाही, ते कराचीच्या माळावर पुढे कित्येक वर्षे उभे होते.

विमानांच्या वाटेत मात्र वादळांपेक्षा मोठी अडचण इराणची होती. ‘इम्पीरियल’ने कैरो–बसरा टप्पा १९२७ च्या जानेवारीतच सुरू केला होता, बसऱ्यापासून पुढे इराणचा किनारा वापरण्याचा परवाना न मिळाल्याने दोन वर्षे सगळे अडून राहिले. १९२९ मध्ये तो मिळाला तोही मुदतीचा. मुदत संपताना तेहरानने सांगितले की आमच्या किनाऱ्यावरून जाता येणार नाही, हवे तर देशाच्या आतल्या भागातून, डोंगरांवरून जा. ब्रिटिशांना ते मानवणारे नव्हते. त्यांनी आखाताच्या समोरच्या, अरबी किनाऱ्याकडे मोर्चा वळवला.

१९३२ मध्ये शारजाच्या शेखांशी करार झाला. शेखांना भाडे आणि त्याबदल्यात कंपनीला धावपट्टी, तसेच मुक्कामासाठी एक विश्रामगृह. हे विश्रामगृह म्हणजे बुरूज आणि तटबंदी असलेला छोटा किल्लाच होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘हॅनो’ हे चार इंजिनांचे विमान तिथे पहिल्यांदा उतरले. मोती काढणाऱ्यांच्या त्या किनाऱ्यावर लंडनहून हिंदुस्थानात निघालेले साहेब आणि मडमा आठवड्यातून एकदा जेवायला आणि झोपायला उतरू लागले. १९३७ मध्ये या तळावर ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा छोटा माहितीपटही निघाला. आज त्या किल्ल्यात संग्रहालय आहे आणि जुन्या धावपट्टीवरून शहरातला हमरस्ता जातो. उडत्या नावांसाठी शेजारच्या दुबईशी १९३७ मध्ये करार झाला. त्या दुबईच्या खाडीत उतरत. आज मुंबईहून लंडनला जाताना हजारो लोक आखातात विमान बदलतात. तो थांबा या वाटेवर पडला त्याला तेहरानचा नकार कारण झाला.

या सगळ्यात मुंबई कुठे होती? नकाशावर जवळ, पण सेवेबाहेर. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, कारण सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ मध्ये. तरी विलायती टपाल कराचीला उतरल्यावर मुंबईत यायला आगगाडीचा लांबचा फेरा पडे. आठवड्याभरात हजारो मैल उडून आलेली पत्रे शेवटच्या टप्प्यात रखडत.

ही फट बुजवणाऱ्यांमध्ये जे. आर. डी. टाटा होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना हिंदुस्थानातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. पुढे आगाखानांनी इंग्लंड–हिंदुस्थान अंतर एकट्याने उडून काटणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. कराचीहून पश्चिमेकडे निघाले, तर किशोरवयीन अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून पूर्वेकडे. इजिप्तमधल्या अबुकीरच्या तळावर जे. आर. डीं.ना अस्पी अडकलेला भेटला; त्याच्या विमानाचे स्पार्क प्लग गेले होते आणि जादा प्लग जवळ नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोचला आणि बक्षीस घेऊन गेला. तोच पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डीं.नी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ उडवले. सोबत ‘इम्पीरियल’ने आणलेल्या टपालातला पंचवीस किलोंचा बोजा. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. ते भरून दुपारी दोनच्या आत विमान मुंबईत जुहूला उतरले. पुढे नेव्हिल विन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. विमान ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरने उडते आणि त्याला तेल पाजायला बैल येतात, असा तो काळ. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळा आला की ती पाण्याखाली जाई. मग टाटांची विमाने पुण्याला येत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उडत. विलायतेचे टपाल पावसाळ्यात पुणेमार्गे जाते, ही गोष्ट त्या काळच्या पुणेकरांना विशेष आवडली असणार.

१९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल काटले, दहा टनांहून अधिक टपाल नेले आणि अवघे १५५ प्रवासी. मुंबई अशा रीतीने लंडनच्या वाटेला जोडली गेली, पण मुख्यतः पत्रांपुरतीच.

१९३८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारची साम्राज्य हवाई टपाल योजना हिंदुस्थानला लागू झाली. विलायतेहून निघणारे साधे पत्रही आता जादा हशील न घेता विमानाने येऊ लागले. त्यासाठी ‘शॉर्ट’ कंपनीच्या मोठ्या उडत्या नावा घेतल्या. त्या इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या पाण्यातून उडत आणि हिंदुस्थानात कराचीनंतर राजस्थानातल्या राजसमंद तलावात, ग्वाल्हेरला, अलाहाबादला उतरत कलकत्त्याला जात. मुंबईला त्यांनीही वगळलेच. त्यानंतर युद्ध आले. १९४० च्या १ मार्चला ‘हॅनिबल’ हे जुने विमान ओमानच्या आखातावर आठ जणांसह नाहीसे झाले. त्यात मद्रासचे नेते ए. टी. पन्नीरसेल्वम लंडनला निघाले होते. जूनमध्ये इटली युद्धात उतरला आणि भूमध्य समुद्रावरची वाट बंद पडली. लंडनला जायचा नेहमीचा हवाईमार्ग असा तुटला.

युद्धाने दोन गोष्टी मागे ठेवल्या: सांताक्रूझचा पक्का विमानतळ आणि लांब पल्ल्याची चार इंजिनी विमाने. ८ मार्च १९४८ रोजी टाटा आणि भारत सरकार यांच्या भागीदारीत ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली. तीन महिन्यांनी, मंगळवार ८ जूनच्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कॅप्टन के. आर. गझदर यांच्या हाताखाली मुंबईहून निघाले. पस्तीस प्रवासी होते, त्यांत जे. आर. डी. आणि त्यांच्या पत्नी, काही संस्थानिक, क्रिकेटपटू दुलीपसिंहजी आणि लंडन ऑलिम्पिकला निघालेले दोन सायकलपटू. कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे घेऊन विमान १० जूनच्या पहाटे लंडनला उतरले. भाडे १,७२० रुपये.

या वाटेचे गणित पाहण्यासारखे आहे. मुंबई–कैरो सुमारे ४,३५० किलोमीटर, कैरो–जिनिव्हा २,८०० आणि जिनिव्हा–लंडन साडेसातशे, बेरीज ७,९००. म्हणजे सरळ रेघेपेक्षा सातशे किलोमीटर जास्त. १९२९ मध्ये नुसत्या कराचीपर्यंतचाच फेरा आठ हजार किलोमीटरांच्या आसपास भरत होता आणि त्यात वीसेक थांबे होते. विमानाचा वेग या वीस वर्षांत तिपटीच्या आत वाढला. प्रवासाचा वेळ मात्र सात दिवसांवरून दीड दिवसाच्या आत आला. उरलेली बचत थांबे गाळल्याची आणि रात्री उडू लागल्याची.

जिनिव्हाचा थांबा मोक्याचा होता, पण त्याच्या वाटेत आल्प्समधला सर्वांत उंच डोंगर उभा होता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तीच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनिव्हाकडे येताना माँ ब्लाँवर आदळली. ४८ जण ठार झाले. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर-इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना त्याच डोंगरावर, जवळपास त्याच जागी कोसळले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. ते अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. विमानाच्या जागेबद्दल नियंत्रकाने दिलेल्या सूचनेचा वैमानिकाने चुकीचा अर्थ घेतला आणि डोंगर ओलांडला असे समजून तो खाली येऊ लागला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. माँ ब्लाँवरची बोसाँ हिमनदी त्या विमानांचे सामान अजूनही खाली आणून टाकते. २०१२ मध्ये भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली वर्तमानपत्रे.

बोइंग ७०७ एअर-इंडियाकडे १९६० च्या फेब्रुवारीत आले आणि त्याच वर्षी लंडनच्या वाटेवर उडू लागले. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशेच्या आत-बाहेर उडे, हे नऊशेच्या घरात. प्रवाशांना खरा फरक पडला तो इथे. १९६२ मध्ये एअर-इंडियाने आपली सगळी पंख्यांची विमाने काढून टाकली आणि निव्वळ जेट विमाने चालवणारी जगातली पहिली कंपनी ठरली. आगबोटी तरीही आणखी काही वर्षे तगल्या, कारण सामान भरपूर नेता येई आणि विद्यार्थ्यांना भाडे परवडे. १९६७ च्या जूनमध्ये अरब–इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि तो १९७५ पर्यंत उघडला नाही. तोवर बॅलार्ड पिअरवरून विलायतेला निघणारी माणसे सांताक्रूझला जाऊ लागली होती. १९७१ च्या एप्रिलमध्ये ‘एम्परर अशोक’ हे एअर-इंडियाचे पहिले जंबो जेट मुंबईत उतरले. एका विमानात साडेतीनशेच्या आसपास माणसे मावू लागली आणि विलायतेला जाणे मध्यमवर्गाच्या बोलण्यात आले. पुढे जंबोच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि मुंबईहून निघालेले विमान मध्ये कुठेही न टेकता लंडनला उतरणे नेहमीचे झाले. १८३० मध्ये पडलेला इंधनाचा प्रश्न तेव्हा कुठे मिटला.

आजच्या वेळापत्रकात मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ-दहा तास आणि लंडनहून परत यायला नऊच्या आसपास तास लागतात. एकच अंतर, एकच विमान, तरी तासाभराचा फरक. याला कारण वारा. विमाने ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी दोनशे किलोमीटरांच्या वरही जातो. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून उड्डाणाची आखणी करणारे सर्वांत आखूड वाट शोधत नाहीत. त्या दिवशीच्या वाऱ्यात सर्वांत कमी इंधन जाळणारी वाट शोधतात.

आणि त्या वाटेवर कोणाचे आकाश उघडे आहे तेही पाहतात. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर, २०१९ च्या २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पाकिस्तानचे आकाश बंद होते. सर्वाधिक फटका दिल्लीच्या उड्डाणांना बसला, पण मुंबईची विमानेही समुद्रावरून ओमानकडे वळली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सुरुवातीला पाहिलेल्या सुतळीचा युक्रेनवरचा तुकडा नागरी विमानांना बंद झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना पुन्हा मज्जाव केला. त्याच वर्षी १३ जूनच्या पहाटे एअर इंडियाचे एक विमान मुंबईहून लंडनला निघाले, इस्रायल–इराण संघर्षात इराणचे आकाश अचानक बंद झाले, आणि विमान सुमारे तीन तास उडून मुंबईतच परत उतरले. १९२७ मध्ये इराणच्या परवान्यासाठी दोन वर्षे अडलेल्या ‘इम्पीरियल’च्या अधिकाऱ्यांना यात काही नवे दिसले नसते.

१९६० नंतर प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ वाढलेला नाही. बोइंग ७०७ ज्या वेगाने उडत होते, त्याच्याच आसपास आजचे ७८७ उडते. सुधारणा झाली ती इंधनाच्या खर्चात, पल्ल्यात, आवाजात आणि सुरक्षिततेत. त्यामुळे गेल्या साठ वर्षांत मुंबई–लंडन प्रवासाचे जे तास कमी झाले ते थांबे गेल्याने झाले, आणि आता गाळायला थांबा उरलेला नाही. यापुढे हे तास घटले किंवा वाढले तर ते इस्लामाबाद, तेहरान, मॉस्को आणि कीव्ह इथल्या निर्णयांमुळे. लंडनला जाणाऱ्या वाचकाने समोरच्या पडद्यावर सिनेमाऐवजी थोडा वेळ नकाशा लावून पाहावा. विमान कुठे आणि किती वळते आहे ते त्यावर स्पष्ट दिसते.